सोपाऱ्याचा पूर्ण



भिवंडीच्या अंजूरफाट्यावरून कामण-चिंचोटीच्या रस्त्याने आपण वसईच्या बाजूला गेलात की पुढे नालासोपारा लागते. मालाच्या गाड्यांमुळे हा रस्ता आपल्यापैकी पुष्कळांच्या पायाखालचा आहे. परंतु सोपाऱ्यात ज्याला लोक बुरुड राजाचा कोट म्हणतात तो किल्ला नसून बौद्ध स्तूप आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्याचे उत्खनन केले. आत दगडी पेटी निघाली. पेटीत आठ बुद्धमूर्ती, एकात एक ठेवलेले करंडक आणि सोन्याची फुले होती. सम्राट अशोकाच्या आठव्या आदेशलेखाचा तुकडा त्याच साली सोपाऱ्याला मिळाला आणि नवव्या आदेशाचा तुकडा त्याच परिसरात १९५६ साली सापडला. १९५६ हे साल कोणते, हे आपणांस वेगळे सांगावयास नको.

म्हणजे या भागाला धम्म नवा नाही. आपल्या भिवंडी तालुक्यातच लोनाडचे लेणे उभे आहे. धम्म येथलाच आहे. आपण मात्र त्यात नव्याने आलो आहोत. आणि नव्याने आलेल्या कुटुंबांत एक प्रश्न वारंवार निघतो. घरातील तरुण मुलगा कारखान्यात किंवा गोदामात कोणाचे वेडेवाकडे बोलणे ऐकून घेत नाही. म्हातारी आई त्याला म्हणते, एवढा ताठा बरा नव्हे. मुलगा म्हणतो, हा ताठा नव्हे, हा स्वाभिमान आहे, बाबासाहेबांनीच तो शिकवला. मग विहारात प्रवचन होते आणि तेथे मी-पणा सोडा असे सांगितले जाते. मुलगा गोंधळतो. ताठ उभे राहावे की मी-पणा सोडावा? दोन्ही एकाच वेळी कसे करावे?

या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडते. हा माणूस आपल्या शेजारच्या सोपाऱ्याचा होता. पालीत त्याला पुण्ण म्हणतात, संस्कृतात पूर्ण. (मंतानीपुत्र पुण्ण म्हणून जे दुसरे प्रसिद्ध भिक्षू होऊन गेले ते वेगळे, त्यांच्याशी याची गल्लत करू नये.) मज्झिम निकायातील पुण्णोवाद सुत्तात त्याच्या आयुष्याचा उत्तरार्ध आहे आणि दिव्यावदान या संस्कृत ग्रंथात जन्मापासूनची कथा आहे. दिव्यावदान हा कथाग्रंथ आहे आणि त्यात चमत्कार पुष्कळ आहेत. चमत्कार बाजूला ठेवून माणूस तेवढा घ्यावा, असेच बाबासाहेबांच्या अनुयायाने वाचावे. मीही तसेच सांगणार आहे.

शूर्पारकात, म्हणजे सोपाऱ्यात, भव नावाचा श्रीमंत व्यापारी होता. त्याला भविल, भवत्रात आणि भवनंदी असे तीन मुलगे. एकदा भव आजारी पडला. आजारात त्याची जीभ कडवट झाली, तो सर्वांना टाकून बोलू लागला, तेव्हा बायकोने आणि मुलांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. घरात एक दासी होती. तिने वैद्याला विचारून औषध आणले, पथ्य सांभाळले आणि मालकाला बरे केले. भवने तिला हवे ते माग म्हणून सांगितले. तिने त्याच्याशी संबंध मागितला. तो म्हणाला की त्यापेक्षा मी तुला पाचशे कार्षापण देतो आणि दास्यातून मोकळी करतो. तिने ते नाकारले. कितीही दूर गेले तरी मी दासीच राहणार, तुमच्याशी संबंध आला तरच माझे दासीपण जाईल, असे तिचे उत्तर होते.

भगिनींनो, हे उत्तर नीट समजून घ्या. ती लोचट बाई नव्हती. पैसा मिळाला आणि कागदावर सुटका झाली तरी लोकांच्या डोळ्यांतील दासी मरत नाही, हे तिला कळले होते. आपल्यातील कित्येकांना नोकरी लागली, पगार झाला, पक्के घर झाले, तरी शेजारी आडनाव विचारून पुढचे ओळखतातच. अशा शहाण्या बाईच्या पोटी पूर्ण जन्मला.

तो हुशार निघाला. थोरले भाऊ समुद्रावर व्यापाराला गेले तेव्हा बापाने त्याला लहान म्हणून दुकानावर ठेवले. भाऊ परत आले ते प्रत्येकी लाख सुवर्ण कमावून. पूर्णानेही तेवढेच दुकानावर बसून सचोटीने मिळवले होते. पुढे भव वारला. मरताना त्याने मुलांना एकत्र राहण्यास सांगितले आणि थोरल्या भविलाला बजावले की सगळे सोडलेस तरी पूर्णाला सोडू नकोस.

बाप गेल्यावर जे व्हायचे तेच झाले. घरात कुरबुर झाली, वाटणी आली. एकाच्या वाट्याला घर आणि शेत, दुसऱ्याच्या वाट्याला दुकान आणि परदेशी गेलेला माल, असे ठरू लागले. पूर्णाला काय द्यायचे, असे कोणीतरी विचारले. तेव्हा धाकटे दोघे म्हणाले की तो दासीचा मुलगा, त्याला वाटा कोण देतो? उलट तोच वाटणीतला एक जिन्नस आहे. पाहा, ज्याने दुकान चालवले त्याचीच मालमत्तेत गणना झाली! भविलाने बापाचे शब्द आठवून घर सोडले, दुकान सोडले आणि वाट्याला फक्त पूर्ण घेतला. त्याच दिवशी भविलाच्या बायकामुलांना घरातून आणि पूर्णाला दुकानातून नेसत्या वस्त्रानिशी बाहेर काढण्यात आले.

मुले भुकेने रडू लागली. भावजयीने पदराला बांधलेली पितळेची नाणी काढून दिली. ती घेऊन पूर्ण बाजारात निघाला. वाटेत त्याला समुद्रावरून लाकडाची मोळी आणणारा एक माणूस थंडीने कापताना दिसला. त्या मोळीत गोशीर्ष चंदन होते आणि ते त्या चंदनाच्या गारव्याने कापत होता, हे पूर्णाने ओळखले. चंदनाचा थोडा भाग विकून त्याने मोळीवाल्याला पाचशे कार्षापण दिले. पुढे सोपाऱ्याच्या राजाला ताप आला, वैद्यांनी गोशीर्ष चंदनाचा लेप सांगितला आणि ते सापडले फक्त पूर्णाकडे. राजा बरा झाला. चार तुकड्यांचे चार लाख देण्याची त्याने आज्ञा केली. पूर्णाने तीन लाख घेतले आणि एक तुकडा राजाला भेट म्हणून दिला. राजाने प्रसन्न होऊन वर मागण्यास सांगितले.

येथे थोडे थांबा. घरातून हाकललेला, कालपरवापर्यंत जिन्नस म्हणून मोजला गेलेला हा तरुण काय मागेल? भावांना शिक्षा मागेल, जहागीर मागेल, अधिकाराची जागा मागेल. पूर्णाने यांपैकी काहीच मागितले नाही. आपल्या राज्यात मला अपरिभूत राहू द्या, एवढेच त्याने मागितले. अपरिभूत म्हणजे ज्याला कोणी तुडवत नाही, ज्याचा कोणी अवमान करत नाही असा. राजाने प्रधानांना सांगितले की राजकुमारांना हुकूम करता येईल, पूर्णाला मात्र नाही.

मला कोणी खाली दाबू नये, एवढीच ती मागणी होती. दुसऱ्या कोणाला खाली दाबण्याचा हक्क तिच्यात कोठेही नव्हता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरचे लोक गेले, तेव्हा त्यांनीही दुसऱ्या कोणाला तळ्यावरून हटवले नाही. ओंजळ भरली ती आपलीच. यालाच मी स्वाभिमान म्हणतो.

परंतु कथा येथे संपत नाही, आणि मला ती आवडते ती पुढच्या भागासाठी. सोपाऱ्याच्या बंदरावर पाचशे व्यापारी जहाजाने माल घेऊन आले. गावच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने ठराव केला होता की कोणी एकट्याने जाऊन माल घ्यायचा नाही, सर्वांनी मिळून घ्यायचा. ठराव करताना पूर्णाला बोलवावे असे काहीजण म्हणाले. बाकीच्यांनी त्याच्याजवळ काय आहे म्हणून ते उडवून लावले. पूर्ण बंदरावर गेला, अठरा लाखांचा सौदा ठरवला, तीन लाख इसारा दिला आणि मालावर आपली मुद्रा उठवली. श्रेणीने त्याला साठ कार्षापण दंड केला आणि दंड भरेपर्यंत उन्हात उभे केले. प्रकरण राजापुढे गेले. पूर्णाने एकच गोष्ट विचारली. ठराव झाला तेव्हा मला किंवा माझ्या भावाला बोलावले होते काय? नव्हते. राजाने पूर्णाचे म्हणणे योग्य ठरवले आणि श्रेणीला त्याला सोडावे लागले.

ज्या बैठकीला आम्हांला बोलावले नाही त्या बैठकीचा नियम आम्हांवर कसा, हा प्रश्न आपल्या चळवळीने नंतर किती वेळा विचारला! पूर्ण येथे हट्ट करत नव्हता. नियम मानायला तो तयार होता, पण नियम करणाऱ्यांत आपली गणना व्हावी असे त्याला वाटत होते.

आता पुढचा प्रसंग. थोड्याच दिवसांनी राजाला काही माल हवा होता. तो नेमका पूर्णाकडेच होता. राजा दिलेल्या शब्दाला जागला. मी त्याला हुकूम करणार नाही, तुम्हीच त्याच्याकडून घेऊन द्या, असे त्याने श्रेणीला सांगितले. श्रेणीने पूर्णाला निरोप पाठवला. पूर्णाने येत नाही म्हणून कळवले. तेव्हा सारे व्यापारी एकत्र होऊन त्याच्या दारात येऊन उभे राहिले आणि आम्ही दारात आलो आहोत, बाहेर ये, असे त्यांनी सांगून पाठवले. ग्रंथकार लिहितो की पूर्ण साहंकार, म्हणजे अहंकाराने, आपल्या मर्जीने बाहेर आला. मग त्याने मालाची दुप्पट किंमत घेतली.

ग्रंथकाराने हा शब्द लपवला नाही याचे मला कौतुक वाटते. आपला नायक अर्हत होणार आहे हे ठाऊक असूनही त्याने तो लिहिला. दुप्पट किंमत घेतली याला मी दोष देत नाही. विकत घेतले त्याच भावाने विकणारा व्यापारी कसला? दोष दाराशी आहे. उन्हात उभा असताना पूर्णाला न्याय हवा होता. दारात गर्दी उभी राहिली तेव्हा त्याला न्यायाची गरज उरली नव्हती, तरी ती माणसे तेथे थोडा वेळ तिष्ठत उभी असावीत, असे त्याला वाटले. माणूस तोच, घरही तेच. मधे फक्त काही दिवस गेले होते आणि स्वाभिमानाचा अहंकार झाला होता.

हा बदल बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून तो फार धोक्याचा आहे. ज्याने अपमान सोसला त्याला हा दरवाजा फार लवकर सापडतो. आपल्याच वस्त्या पाहा. विहाराच्या कोनशिलेवर नाव कोणाचे, जयंतीला मेणबत्ती आधी कोणी लावायची, समितीचा अध्यक्ष कोण, यावरून दोन-दोन समित्या झाल्याचे आपण पाहिले नाही काय? इमारतीत राहावयास गेलेला बौद्ध झोपडपट्टीतल्या बौद्धाकडे सोयरीक करताना नाक मुरडत नाही काय? दीक्षा घेतलेले काहीजण दीक्षा न घेतलेल्या शेजाऱ्याला अजून दगड पूजणारा म्हणून हिणवतात, त्याला काय म्हणावे? खुद्द बाबासाहेबांनी जानेवारी १९४३ मध्ये पुण्यास न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीच्या भाषणात विभूतिपूजेवर कडक टीका केली होती आणि त्या काळच्या दोन सर्वांत मोठ्या पुढाऱ्यांच्या अहंभावामुळे देशाचे राजकारण अडून बसले आहे, असे सांगितले होते. ज्यांनी आपणांस ताठ मान दिली, त्यांनीच हेही सांगितले.

धम्मात याला मान म्हणतात, आणि तो दहा संयोजनांतील, म्हणजे माणसाला जखडणाऱ्या बेड्यांतील, एक आहे. मानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मी दुसऱ्याहून श्रेष्ठ आहे, हा एक. मी त्याच्या बरोबरीचा आहे, हा दुसरा. आणि मी त्याच्याहून हीन आहे, हा तिसरा. हा तिसरा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी चमकलो होतो. आपण हीन आहोत असे मानणे म्हणजे नम्रता, असेच पिढ्यान्पिढ्या आपल्या वाडवडिलांना शिकवले गेले. तथागताचा धम्म म्हणतो की तीही बेडीच आहे, कारण तिथेही माणूस सारखा दुसऱ्याशी स्वतःला मापून पाहत असतो. म्हणून म्हाताऱ्या आईने मुलाचा ताठा जावा म्हणून त्याला पुन्हा वाकायला लावू नये. त्याने एक बेडी काढून दुसरी घालण्यासारखे होईल. स्वाभिमानी माणसाला गजाची गरज नसते. शाक्य राजपुत्रांनी दीक्षेच्या वेळी न्हावी उपाली याला आपल्या आधी प्रव्रज्या द्यावी अशी विनंती केली, ती आपल्या कुळाचा ताठा मोडावा म्हणून. त्यामुळे उपाली त्यांचा ज्येष्ठ झाला, आणि राजपुत्र त्याला वंदन करू लागले.

पूर्णाकडे वळू. दारातल्या त्या विजयाने त्याचे समाधान झाले नाही. तो समुद्रावर गेला, सहा वेळा सुखरूप आला. सातव्या खेपेला श्रावस्तीचे व्यापारी बरोबर होते. ते रात्री आणि पहाटे काही म्हणत असत. ही चांगली गाणी कोणती, असे पूर्णाने विचारले. ही गाणी नव्हेत, बुद्धाची वचने आहेत, असे त्यांनी सांगितले. बुद्ध हा शब्द त्याने तेव्हा प्रथम ऐकला आणि त्याच्या अंगावर काटा उभा राहिला. घरी आल्यावर भविलाने लग्नाचा विषय काढला, तर याने प्रव्रज्येची परवानगी मागितली. भविलाने विचारले की घरात अन्न नव्हते तेव्हा तू निघाला नाहीस, आता कशाला? पूर्णाचे उत्तर असे की तेव्हा जाणे शोभले नसते, आता शोभते. भुकेला कंटाळून चीवर घेणे त्याला कमीपणाचे वाटले. मला तर वाटते की त्याच्या स्वाभिमानाचा हाच सर्वांत स्वच्छ क्षण होय.

माल हलवणारा हा सार्थवाह एका सोबत्यानिशी श्रावस्तीला अनाथपिंडिकाच्या दारी गेला. माल किती आणला, या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नव्हते. त्याला भिक्षू व्हावयाचे होते. तथागतांनी त्याला दीक्षा दिली. पुढे त्याने सुनापरान्तात, म्हणजे आपल्याच पश्चिम किनाऱ्याच्या मुलखात, धम्म सांगण्यास जाण्याची अनुज्ञा मागितली. तथागत म्हणाले की तेथील लोक तापट आणि कठोर आहेत; ते शिव्या देतील तर काय करशील? हाताने मारले नाही एवढे ते भले, असे मी समजेन, असे पूर्ण म्हणाला. हाताने मारले तर, ढेकळाने, काठीने, शस्त्राने मारले तर, असे प्रश्न चढत गेले आणि पूर्णाची उत्तरे त्याच शांतपणाने येत गेली. जिवे मारले तरी त्यांच्याविषयी माझ्या मनात वैर येणार नाही, येथपर्यंत तो गेला. तेव्हा तथागतांनी त्याला जाण्यास सांगितले.

आता आपल्यापैकी कोणी उठून विचारील, आणि विचारलेच पाहिजे, की मग आम्हीही शिव्या खाऊन गप्प बसावे काय? गावकीने हेच तर आम्हांला शिकवले होते! नाही. क्रम लक्षात घ्या. साठ कार्षापणांचा दंड पूर्णाने मुकाट्याने भरला नाही. उन्हात उभे राहून, ठरावाला मला बोलावले होते काय, असे त्याने विचारले. अपरिभूत राहण्याचा हक्क आधी मिळवला आणि नंतर, कोणी भाग पाडले नसताना, स्वतःच्या पायांनी तो त्या तापट लोकांत गेला. ज्याला बोलण्याची सोयच नाही त्याच्या गप्प बसण्याला क्षमा म्हणता येत नाही. कारखान्यात जातीवरून शिवी दिली तर तक्रार नोंदवा. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याचसाठी आहे. तक्रार नोंदवताना शिवी देणाऱ्याच्या घरच्यांना तुम्ही शिवी देता की नाही, एवढे मात्र पाहा. अहंकारी माणसाला शिवी लागते ती आत कोठेतरी ती खरी वाटते म्हणून. पूर्णाला ती खरी वाटत नव्हती. दासीपुत्र हा शब्द ज्याने घरच्या माणसांच्या तोंडून ऐकला आणि पचवला, त्याला परक्याने काय नवीन ऐकवायचे होते?

सुनापरान्तात भिक्षेला निघाला असता एक शिकारी समोर आला. मुंडन केलेला भिक्षू दिसला, अपशकुन झाला, म्हणून त्याने धनुष्य ओढले. पूर्णाने अंगावरचे चीवर बाजूला केले आणि सांगितले की या पोटासाठी मी येथे आलो, मारायचे तर येथे मार. शिकाऱ्याचा हात थांबला. तो त्याचा पहिला उपासक झाला. त्या वर्षावासात पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका त्या मुलखात झाल्या, असे ग्रंथ सांगतात, आणि पूर्ण स्वतः अर्हत झाला.

इकडे भविल समुद्रावरून गोशीर्ष चंदन घेऊन सोपाऱ्यास परत आला. एका तुकड्याने जे चंदन लाखाला गेले होते ते आता जहाजभर होते. पूर्ण भावाला भेटला. त्या चंदनाचा तथागतांसाठी प्रासाद बांधावा असे त्याने सुचवले आणि तो सोपाऱ्यात बांधला गेला. त्याच्या सोहळ्याला तथागत भिक्षुसंघासह आले, असे कथा सांगते. सोपाऱ्याचा राजा, श्रेणीचे तेच व्यापारी आणि भविल सारे तेथे जमले. प्रासादाला नाव पडले चंदनमाल.